पांढरी चार, काळी तीन आणि फुकटची स्वरलिपी: पेट्रुच्ची लायब्ररी वापरून पाहताना

कणकवली-कुडाळकडच्या डबलबारीत बुवा पेटीवर बसले की पखवाजवाला आधी पट्टी विचारतो, कारण त्याला पखवाज त्या सुराला लावायचा असतो. मग ठेका. भाव कुठला, हे विचारावं लागत नाही, ते अभंगाचे शब्द सांगतात. स्ट्रिंग क्वार्टेटला, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मेळाला, शब्दच नसतात. तरी पट्टी, लय आणि भाव हे तीन प्रश्न तिथेही उरतातच, आणि बरीचशी उत्तरं स्वरलिपीच्या पहिल्या पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छापलेली असतात. ही पानं फुकट मिळण्याची इंटरनेटवरची मोठी जागा म्हणजे पेट्रुच्ची म्युझिक लायब्ररी, सगळे जिला आयएमएसएलपी म्हणतात. घरात पेटी आहे, कान तयार आहे, थाट पाठ आहेत, पण पाच रेघांची सवय नाही, अशा माणसाला तिचा कितपत उपयोग होतो, एवढाच या परीक्षणाचा विषय. कसोटीला दोन क्वार्टेटमधले दोन भाग घेतले आहेत (ऑपस म्हणजे रचनाकाराच्या कृतीचा अनुक्रमांक): बेथोवनच्या ऑपस १३२ चा तिसरा आणि हायडनच्या ऑपस ७६ क्रमांक ५ चा दुसरा. दोन्ही संथ. का हेच दोन, ते पुढे कळेल.

लायब्ररीबद्दल थोडक्यात. एडवर्ड गुओ नावाच्या विद्यार्थ्याने ती २००६ मध्ये सुरू केली. २००७ च्या ऑक्टोबरात एका युरोपीय प्रकाशकाच्या नोटिशीमुळे ती बंद पडली आणि २००८ च्या जूनअखेर पुन्हा उघडली. नाव आहे ओत्ताव्हिआनो पेट्रुच्चीचं. व्हेनिसच्या या मुद्रकाने १५०१ मध्ये खिळे जुळवून अनेक आवाजांच्या संगीताचं पुस्तक छापलं होतं. खातं न उघडता फाइल उतरवता येते. सभासद नसाल तर प्रत्येक फाइलआधी काही सेकंद थांबायला लावतात, त्याचं काही वाटून घेऊ नये. मराठीत काही नाही, कारभार मुख्यतः इंग्रजीत. शोधताना टोपणनावापेक्षा क्रमांक टाकावा. बेथोवनला ऑपस, मोझार्टला कोखेलच्या यादीतला के क्रमांक, हायडनला होबोकेनने दिलेला क्रमांक. आपल्या हायडनचा तो रोमन तीनपुढे ७९.

पहिली फसगत इथेच होते. प्रत्येक रचनेच्या पानावर माहितीचा एक चौकोन असतो: ऑपस, पट्टी, भाग किती, कधी रचली, कुणाला अर्पण केली. तिथे ऑपस १३२ पुढे ‘ए मायनर’ (सा पांढरी सहा) असं लिहिलेलं दिसतं. ते बरोबरच आहे, पण ती अख्ख्या रचनेची पट्टी, म्हणजे पहिला भाग जिथे सुरू होतो ती. पाच भागांच्या या रचनेतला तिसरा भाग ए मायनरमध्ये नाही. हायडनच्या पानावर ‘डी मेजर’ (सा पांढरी दोन) आहे आणि त्याचा दुसरा भाग डी मेजरमध्ये नाही. चौकोनातली पट्टी धरून पेटी लावून बसलात तर पहिल्याच सुराला वाटेल की पेटी तरी बिघडली किंवा रेकॉर्डिंग तरी. संथ भागाची पट्टी बहुतेक वेळा वेगळी असते, तेव्हा ती फाइल उघडून त्या भागाच्या पहिल्या ओळीवरच बघायची.

आता बेथोवन. ऑपस १३२ चा तिसरा भाग उघडला की क्लेफच्या, म्हणजे कुठली रेघ कुठला सूर हे सांगणाऱ्या खुणेच्या, पुढे शार्प (अर्धा सूर चढवणारी खूण) नाही, फ्लॅट (अर्धा सूर उतरवणारी) नाही, मोकळी जागा. ज्याने थोडंफार वाचलेलं असतं तो म्हणतो, सी मेजर, सा पांढरी एक. तसं नाही. डोक्यावर जर्मनमध्ये लांबलचक मथळा आहे, त्याचा अर्थ असा: आजारातून उठलेल्याने देवाला वाहिलेलं पवित्र आभारगीत, लिडियन सुरावटीत. लिडियन ही चर्चच्या जुन्या गायनातली सुरावट. एफपासून वर जायचं, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवरून.

पेटीवर करून बघा. पांढरी चार सा धरा आणि एकाही काळीला हात न लावता पुढच्या पांढरी चारपर्यंत जा. सा रे ग, मग पांढरी सात येते तो तीव्र मध्यम, पुढे प ध नी. कल्याण थाट. आपल्याकडे संध्याकाळी यमन ऐकत वाढलेल्या कानाला ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही तो. पाश्चात्त्य श्रोत्याला मात्र हा मध्यम खटकतो, कारण एफ मेजरमध्ये त्या जागी शुद्ध मध्यम असतो, म्हणजे बी फ्लॅट, आपली काळी पाच. बेथोवनने तो मुद्दाम वगळला. १८२५ च्या वसंतात तो पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता आणि बरं वाटल्यावर त्याने हा भाग लिहिला.

मात्र यमन ऐकू येईल अशी आशा धरू नका. इथे तानपुरा नाही. चार आवाजांच्या सुसंवादामुळे सा एका जागी टिकत नाही आणि ओळ संपता संपता कान पांढरी एकला सा मानायला लागतो. हा गोंधळ रचनेतच आहे. तपासायचं असेल तर रेकॉर्डिंग लावून पेटीवर पांढरी चार नुसती धरून ठेवा, मग पुन्हा सुरुवातीपासून लावून पांढरी एक धरा. पहिल्या वेळी गाणं तरंगतं, दुसऱ्या वेळी जमिनीवर येतं. दोन्ही चालतात, आणि त्या दोहोंच्या मधलं अधांतरीपण हाच या भागाचा रंग. डिजिटल तानपुरा लावणार असाल तर पंचमाचा लावा, मध्यमाचा नको. काळी पाच, जी बेथोवनने बाहेर ठेवली, तीच तुम्ही आत आणाल.

एक महत्त्वाचं राहिलं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हियोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. म्हणजे चौघांकडे मिळून पाच नावांच्या मोकळ्या तारा: पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा. पांढरी चारच्या कल्याणात या पाचही बसतात. मोकळी तार बोटाने दाबलेल्या तारेपेक्षा जास्त काळ आणि जास्त उजळ वाजते. शिवाय तिच्या सुराचा दुसरा कुठलाही सूर शेजारी वाजला की न छेडता थरथरते, सारंगीच्या तरबेसारखी. त्यामुळे या पट्टीत चारही वाद्यं गुंजत राहतात.

आता हायडन. १७९९ मध्ये छापून आलेल्या सहा क्वार्टेटपैकी हा पाचवा, आणि त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक नाही, दोन नाही, सहा शार्प. एफ शार्प मेजर. आपली काळी तीन. बेथोवनच्या पांढरी चारची सख्खी शेजारीण, मध्ये एकही पट्टी नाही. पेटीवर वाजवायचं तर काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात, वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन, पांढरी चार आणि पुन्हा काळी तीन. बिलावल थाट, अगदी साधा. पण त्यात मोकळ्या तारांचा एकही सूर नाही. पाचपैकी शून्य. प्रत्येक सुराला चौघांनाही बोट दाबावंच लागतं, लाकूड कमी गुंजतं, आवाज आत ओढल्यासारखा येतो. वाजवणाऱ्याची आणखी एक पंचाईत होते. एरवी सूर घसरला तर शेजारची मोकळी तार कानाला आधार देते, इथे तो आधारच नाही. हौशी मंडळी या भागात हळूहळू खाली उतरत जातात त्याचं एक मोठं कारण हे.

या भागाच्या डोक्यावर लार्गो, म्हणजे संथ, असं लिहिलंय आणि पुढे ‘कांताबिले ए मेस्तो’. कांताबिले म्हणजे गाण्यासारखं, मेस्तो म्हणजे खिन्न. मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी हा जो नियम मोबाइलवरच्या व्हिडिओंत तिन्हीत्रिकाळ सांगितला जातो, त्याला हायडनने इथे सरळ छेद दिलाय. थाट बिलावल, भाव खिन्न. तो भाव येतो लयीतून, कुठल्या आवाजाने कुठे थांबायचं यातून, आणि मोकळ्या तारा बंद ठेवण्यातून. म्हणून इथे स्केल चेंजर पेटीचा उपयोग सांभाळून करावा. तरफ सरकवून हायडनचा भाग पांढरी एकवर आणला तर बोटांना सोपं जातं, स्वरांचं नातंही तेच राहतं, पण ज्या कारणासाठी त्याने काळी तीन निवडली असावी ते कारण निघून जातं. पेटीला मोकळ्या तारा नसल्यामुळे हे तुम्हाला पेटीवर ऐकूच येणार नाही. ऐकायचं ते रेकॉर्डिंगमध्ये.

पेटीची आणखी एक मर्यादा. तिचा गंधार षड्जाशी जुळणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा. चांगला क्वार्टेट लांब धरलेल्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छात, गंधार खाली घेतो. तेव्हा पेटी आणि रेकॉर्डिंग एकत्र वाजवताना गंधाराला जी कुरकुर ऐकू येते ती पेटीची, चौघांची नव्हे.

लयीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. लार्गो, अदाजिओ, आंदान्ते, आलेग्रो, प्रेस्तो हे शब्द आपल्या विलंबित, मध्य, द्रुत यांच्यासारखेच, आकडे नव्हेत. आंदान्ते म्हणजे चालता, आलेग्रो म्हणजे मूळ इटालियनमध्ये हसरा. वेग आणि स्वभाव एकाच शब्दात कोंबलेले. मग आकडा कुठून आणायचा? मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये. मोझार्ट १७९१ ला गेला, हायडन १८०९ ला. म्हणजे या दोघांच्या क्वार्टेटवर जिथे जिथे मिनिटाला अमुक ठोके असा आकडा छापलेला दिसेल, तो नंतरच्या संपादकाचा. बेथोवनने १८१७ च्या सुमारास आपल्या तोवरच्या अकरा क्वार्टेटना स्वतः आकडे दिले आणि ते बऱ्याच ठिकाणी इतके जलद आहेत की वादक अजून भांडतात. ऑपस १३२ त्यानंतरचं. त्यावर त्याचा आकडा नाही. फक्त ‘मोल्तो अदाजिओ’, फार संथ.

किती संथ, ते मोजता येतं. पहिला संथ तुकडा बरोबर ३० बारांचा आहे (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला खण), प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे १२० मात्रा. ३१ व्या बारला शार्प दोन होतात, तीनचं वजन सुरू होतं आणि आवाज एकदम उजळतो, त्यामुळे स्वरलिपी न वाचताही तो क्षण चुकत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. तीन मिनिटांनी तो क्षण आला तर लय मिनिटाला ४०. चार मिनिटांनी आला तर ३०. अडीच मिनिटांनी आला तर ४८. ही पद्धत फारच सोपी आहे आणि दोन रेकॉर्डिंगची तुलना करायला याहून चांगलं हत्यार नाही. पूर्ण भाग २११ बारांचा, कोण किती ओढतं त्यावर साधारण १५ ते २० मिनिटं जातात. ४० च्या लयीला मेट्रोनोम लावून पायाने ठेका धरायला जाल तर कंटाळाल. ८० ला लावा आणि दर दुसरा ठोका मोजा. विलंबित एकतालात तबलजी मात्रेच्या आत भरणा करतो तसंच हे.

त्या ३० बारांची घडणही बघण्यासारखी आहे. दोन बार चौघं एकमेकांचं अनुकरण करत एकेका मात्रेच्या सुरांत चालतात, मग चार बार सगळे मिळून दोन-दोन मात्रांच्या सुरांत स्तोत्राची ओळ म्हणतात. दोन आणि चार, सहा. असं पाच वेळा. आरतीआधी कुणीतरी सूर लावून देतो आणि मग सगळी मंडळी उचलतात, तशी ती दोन बारांची तयारी. कागदावर ही वीण डोळ्यांना ताबडतोब दिसते, नुसतं ऐकताना तिसऱ्या ओळीपर्यंत कळत नाही. स्वरलिपी उतरवून घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

३१ व्या बारचा शब्द आहे आंदान्ते, आणि त्यावर जर्मनमध्ये ‘नवी ताकद जाणवत’. पट्टी डी मेजर, पांढरी दोन. वजन तीन मात्रांचं. पहिल्या व्हायोलिनचे ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झपाट्याची अदलाबदल, आणि उड्या. इथे धरून ठेवलेली पांढरी चार किंवा तानपुरा ताबडतोब बंद करायचा, कारण डी मेजरमध्ये काळी तीन आहे आणि पांढरी चारशी ती आपटते. मग ८४ व्या बारला पुन्हा संथ, पुन्हा पांढऱ्या पट्ट्या, पुन्हा आंदान्ते, आणि शेवटचा संथ तुकडा १६८ पासून. त्यावर लिहिलंय: अगदी आतल्या भावनेने. कोकणातल्या देवळात गाऱ्हाणं घालतात तो सूर वेगळा. हे गाऱ्हाणं ऐकलं गेल्यानंतरचं आहे. मागणं संपलेलं, आवाज खाली आलेला. सुरुवातीलाच ‘सोत्तो व्होचे’ छापलंय, म्हणजे दबक्या आवाजात, आणि बहुतेक हौशी क्वार्टेट पहिल्याच बारला ते विसरतात.

भावाचे शब्द वाचताना सावध राहायचं ते यासाठी की जुन्या छपाईत मूळ शब्द कुठला आणि संपादकाची भर कुठली, हे नेहमी वेगळं दाखवलेलं नसतं. लायब्ररीत एकाच रचनेच्या चार-पाच प्रती असतात. ब्राइटकोप्फ आणि हेर्टेल या प्रकाशकांची १८६० च्या दशकातली बेथोवनची समग्र मालिका तुलनेने स्वच्छ आहे. पेटर्स या प्रकाशकाच्या सुट्या प्रतींमध्ये योआखिम आणि मोझर यांच्यासारख्या वादकांनी घातलेल्या गज ओढण्याच्या खुणा आणि बोटांचे क्रमांक आहेत. वाजवणाऱ्याला त्या सोयीच्या, वाचून समजून घेणाऱ्याला अडचणीच्या. सोपा उपाय असा की दोन प्रती उतरवा आणि पहिलं पान शेजारी शेजारी ठेवा. जो शब्द दोन्हीत आहे तो बहुधा मूळचा. जो एकातच आहे त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. आयएमएसएलपीला मी पैकीच्या पैकी गुण देईन ते या एका गोष्टीसाठी. दुकानात एक प्रत मिळते आणि तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो, इथे साक्षीदार पाच आहेत.

ज्या कारणासाठी लोक पहिल्या दिवशीच फाइल बंद करतात ते म्हणजे व्हियोलाची ओळ. वरून पहिली दोन व्हायोलिनं, तिसरी व्हियोला, चौथी चेलो. व्हियोलाला वेगळा क्लेफ असतो, त्यात मधली रेघ म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी एक. व्हायोलिनसारखी वाचली तर सगळं जवळपास एक सप्तक वर आणि एक सूर बाजूला सरकतं, आणि पेटीवर चार ओळी एकत्र वाजवल्या की कर्कश गोंधळ होतो. चेलोची आणखी गंमत. उंच जागी त्याला जुन्या छपाईत कधी कधी व्हायोलिनचा क्लेफ देतात आणि वाचायचं मात्र एक सप्तक खाली. जुन्या बेथोवनच्या प्रतींत हे सर्रास आहे. चेलो अचानक पहिल्या व्हायोलिनच्याही वर गेलेला दिसला तर समजा की एक सप्तक उतरवायचंय.

फाइल निवडताना ‘फुल स्कोअर’ आणि ‘पार्ट्स’ यातला फरक बघून घ्या. समजून घ्यायला चौघांचा एकत्र स्कोअर, वाजवायला सुटे पार्ट्स. ‘अरेंजमेंट्स’ या रकान्यात पियानोसाठी बसवलेल्या प्रती असतात. पेटीवाल्याला त्या खुणावतात खऱ्या, कारण दोनच ओळी असतात. पण पियानोसाठी बसवताना सूर इकडचे तिकडे केलेले असतात आणि कोण कुठली ओळ वाजवतंय हे कळत नाही. बेथोवनच्या त्या स्तोत्राच्या ओळींसाठी चालून जाईल, हायडनसाठी नको.

छपाईबद्दल. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे हे काम होतं, फक्त त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ऑयलेनबुर्ग या प्रकाशकाच्या खिशातल्या स्कोअरची पानं मुळात छोटी, ती ए फोरवर ‘फिट टू पेज’ करून छापली की वाचता येतात. आणि लेझरवर छापा, इंकजेटवर नको. जुलैतल्या दमट हवेत इंकजेटची शाई पसरते, बारीक शार्पची खूण आणि नुसता डाग यांत फरक राहत नाही, आणि हायडनच्या सहा शार्पांच्या गर्दीत तेवढ्याने सूर बदलतो. ७० जीएसएमचा कागद स्टँडवर उभा राहत नाही, वाकतो. १०० चा घ्या. पार्ट्स पाठपोट छापू नका, पान उलटायला मोकळा हात कुणाकडेच नसतो. तीन पानं एकाशेजारी एक चिकटवून घडी घातली की पुरतं. कडेला काळी पट्टी असलेलं स्कॅन असेल तर आधी कापून घ्या, नाहीतर निम्मी शाई तिच्यातच जाते.

आता ऐकणं. लायब्ररीत रेकॉर्डिंगचाही रकाना आहे, दर्जा कमीजास्त. त्यातली संगणकाने तयार केलेली वेगळी दाखवलेली असतात. सूर कुठला हे तपासायला ती ठीक, लय आणि भावासाठी बिनकामाची, कारण त्यातला ठोका कुणा संपादकाने घातलेला आणि अदाजिओचा श्वास त्यात नसतो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, आणि चेलो गेला की पांढरी चारचा पायाच जातो. साधे तारेचे इअरफोन पुरतात. पत्र्याच्या छपराखाली पावसात सोत्तो व्होचे ऐकायचा हट्ट धरू नये.

पेटीशी सूर जुळत नसेल तर दोष कुणाचा, ते आधी ठरवा. आजचे क्वार्टेट पांढरी सहाचा सूर साधारण ४४० हर्ट्झच्या आसपास लावतात. जुन्या पद्धतीच्या तारा आणि गज वापरणारे मात्र बेथोवन, हायडनसाठी बहुधा ४३० लावतात, म्हणजे पेटीपेक्षा अर्ध्या सुराच्या निम्म्याहून थोडं कमी खाली. तेवढा फरक कानाला फार बोचतो. अशा वेळी पेटी बाजूला ठेवा आणि तानपुऱ्याचं ॲप ४३० ला आणा. पावसाळ्यात पेटीचाच सूर चिकटत असेल, पट्टी दाबली तर वर येत नसेल, तर हा प्रयोग ऑक्टोबरवर ढकललेला बरा.

कायद्याचंही बघून घ्या. सर्व्हर कॅनडात आहे, तिथला नियम आणि आपला वेगळा. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. हायडन, मोझार्ट, बेथोवन, शुबर्ट यांना काही अडचण नाही. बार्तोक १९४५ ला गेला, त्याचाही काळ उलटलाय. शोस्टाकोविच १९७५ ला गेला, त्याचे पंधरा क्वार्टेट २०३५ संपेपर्यंत आपल्याकडे मोकळे नाहीत, ते विकतच घ्यावे लागतील.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो माहितीच्या चौकोनासाठी. प्रत्येक भागाची पट्टी आणि लयीचा शब्द जिथे तिथे दिला असता तर नवख्याची निम्मी वणवण वाचली असती. लयीचे शब्द बहुतेक पानांवर आहेत, पट्टी नाही.

पहिल्यांदा छापून घ्यायचंच असेल तर अख्खी रचना घेऊ नका. ऑपस १३२ च्या ब्राइटकोप्फ स्कोअरमधून तिसऱ्या भागाचा पहिला ३० बारांचा तुकडाच घ्या, स्तोत्राच्या पाचही ओळींवर पेन्सिलीने १ ते ५ लिहा, ३१ व्या बारला उभी जाड रेघ मारा आणि त्या रेघेवर लिहून ठेवा: पांढरी चार सोड.